दोनदा राखून ठेवलेला वेळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. आणि तुम्हाला सांगावे की नाही, याविषयीही अजून शंका आहेच. तुम्ही हे वाचून काय कराल? कोणाला दाखवाल? — पाहा, सुरुवातच अशी झाली. कबुली द्यायला बसलो आणि पहिला संशय तुमच्यावरच घेतला. पन्नाशी उलटून गेल्यावर माणूस बदलतो, असे मला वाटत नाही. पण माझा हा स्वभाव तुम्हाला आधीच ठाऊक असलेला बरा. कारण जे घडले त्याला मी बरीच वर्षे ‘स्वभाव’ हेच नाव देत आलो. ते नाव खोटे आहे.

मी पनवेलचा. नोकरी कळंबोलीजवळच्या एका लहानशा कंपनीत. लोखंड बाजारातल्या गोदामांत पत्रा कापणारी यंत्रे असतात; ती चालवणारे छोटे संगणक आम्ही तयार करत असू. पत्र्याची गुंडाळी उलगडत पुढे सरकते आणि ठरलेल्या क्षणी पाते खाली यावे लागते. वेगाने नव्हे — ठरलेल्या क्षणी. तुमच्या-माझ्या घरच्या संगणकात सगळी कामे रांगेत उभी असतात, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ मिळतो, एखाद्याला उशीर झाला तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण पाते उशिरा आले, तर ते चुकीच्याच जागी पडते. ज्या प्रणालीत कामाला वेळेचे वचन देता येते तिला आमच्या धंद्यात ‘रिअल-टाइम’ म्हणतात. आणि कोणत्या कामाला केव्हा वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाला शेड्यूलर.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर भालचंद्र म्हात्रे बसत असे. माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान, उरणच्या वाटेवरच्या एका गावचा, आगरी. वडिलांची हयात मिठागरात आणि खाडीकाठच्या भातात गेलेली. कंपनीत कोणी नवीन आले की ‘रिअल-टाइम’ समजावण्याचे काम साहेब माझ्याकडे देत. मी फळ्यावर तासभर सूत्रे लिही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मग भालचंद्र मागून म्हणे, “अहो, खाडीच्या बांधाला उघाडी असते बघा, पाण्याचं दार. भरती चढायच्या आधी ते पाडायचं. मागनं पाडून काय करणार? भात गेलं ना! भरती काय तुमच्या रांगेत उभी राहणार हाय?” सगळे हसत आणि सगळ्यांना कळे. तोच मला ‘गुरुजी’ म्हणू लागला. मी सावकाश आणि व्याकरण सांभाळून बोलतो म्हणून. त्या हाकेत थट्टा किती आणि मान किती, याचा मी पुष्कळ विचार करत असे. दुसरा कोणी केला असता का?

कचेरीबाहेर आम्हा दोघांना एकच नाद होता. एक ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम — म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणारी अशी प्रणाली, जी कोणा एका कंपनीची नसते. जगभरची माणसे ती विनामोबदला लिहितात. कोणीही वाचावी, कोणीही सुधारणा सुचवावी. मात्र सुचवलेले आत घ्यायचे की नाही, हे त्या त्या भागाचा राखणदार ठरवतो. शेड्यूलरचा राखणदार मी होतो. विमानात कधी पाऊल न ठेवलेला माणूस; आणि कुठकुठल्या देशांतले लोक माझ्या ‘हो’ची वाट पाहत. याचा मला अहंकार होता. तो मी कोणाला दिसू दिला नाही, एवढेच. सौम्य बोलणाऱ्या माणसाचा अहंकार लवकर दिसत नाही — हे तुम्ही लक्षात ठेवा. आयुष्यात उपयोगी पडेल.

त्या प्रणालीत रिअल-टाइमची सोय नव्हती. ती हवी, असे सगळेच म्हणत. मी सर्वांसमोर लिहून टाकले होते की हे काम मी करीन. लिहिले, आणि वर्षे गेली. अर्धवट काम माझ्या संगणकात पडून होते. विचारणाऱ्यांना मी उत्तर देई — चाचण्या बाकी आहेत, घाई करणे योग्य नव्हे. खरे म्हणजे मला ते जमत नव्हते.

भालचंद्राने नोकरी सोडली ती याच कामासाठी. रुग्णाला औषध थेंबाथेंबाने मोजून देणारे पंप बनवणारी पुण्याची एक कंपनी होती. तिला आमची प्रणाली वापरायची होती, अडत होते ते याच सोयीवाचून. त्यांनी त्याला सांगितले : तुमचे काम मूळ प्रणालीत स्वीकारले गेले, तर ते सांभाळायला आमच्याकडे या. घरी विरोध. थोरल्या भावाचा खडी-रेतीचा व्यवसाय जोरात होता. नव्या इमारती उठत होत्या, डंपर कमी पडत होते. भाऊ त्याला म्हणे, “फुकट वाटायचा धंदा कोन करतं रं, भालू? सदावर्त घातलंस काय?” हे तो स्वतःच हसत हसत सांगे. वडिलांनी मात्र स्पष्ट सांगितले होते — यंदाचं साल बघ. जमलं तर तुझं, नायतर भावाच्या हाताखाली उभा राहा. एका सालाची मुदत. ती मला ठाऊक होती. हे मुद्दाम नोंदवतो : मला ठाऊक होती.

आणि मी त्याच्याकडे संशयाने पाहू लागलो. केव्हापासून, ते सांगता येणार नाही. नोकरी सोडण्याआधी मी जवळ गेलो की तो पडद्यावरची खिडकी मिटत असे. जेवणाच्या सुट्टीत एकटाच मागे थांबे. शेवटच्या दिवशी त्याच्या खिशात पेनड्राइव्ह होता, मी पाहिला. त्यात काय असेल? प्रत्येक गोष्टीला साधे कारण असू शकत होते — अर्ज लिहीत असेल, घरचे फोन असतील, लग्नाचे फोटो असतील. पण संशय घेणारा मनुष्य साधी कारणे मोजतच नाही. आणि आमच्या कामात तर संशय हाच धर्म. दुसऱ्याने लिहिलेली ओळ चुकीची आहे असे समजूनच वाचायची, हे मला कित्येक वर्षांत अंगवळणी पडले होते. ओळ आणि माणूस यांत फरक करायचा राहून गेला.

त्याचे काम माझ्याकडे परीक्षणाला आले. मी वाचले. चांगले होते — हे लिहितानाही बोट अडखळते. जिथे मी अडून बसलो होतो तिथून तो सहज पुढे गेला होता. मी खुर्चीत मागे टेकून पुन्हा वरपासून वाचू लागलो. आता मात्र चूक शोधण्यासाठी. आणि एक सापडली.

ती तुम्हाला सोपी करून सांगतो. नवे काम वेळेचे वचन मागू लागले की प्रणालीने आधी दिलेल्या वचनांची बेरीज करायची आणि उरलेल्या वेळात ते बसते का, ते पाहायचे. अचानक काही उद्भवेल म्हणून थोडा वेळ राखून ठेवायचा. इथवर सर्वमान्य. पण भालचंद्राने तो राखीव वेळ दोनदा वजा केला होता — एकदा प्रत्येक काम आत घेताना आणि पुन्हा एकूण वेळेतून. याने बिघडत काहीच नाही. फक्त जी कामे सहज पेलली असती तीही प्रणाली नाकारते. अतिसावधपणा, दुसरे काय? कोणत्याही पुस्तकात असे सांगितलेले नाही. ही विचित्र वजाबाकी मी तोवर आणखी एकाच ठिकाणी पाहिली होती : आमच्या कंपनीच्या, बाहेर कोणालाही न दाखवायच्या कोडमध्ये.

दोन माणसांची बरोबर उत्तरे जुळतात. चुकीची उत्तरे सहसा जुळत नाहीत. परीक्षेत नक्कल कशी पकडतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आणि आमच्या जगात कंपनीचे बंदिस्त कोड कोणी मुक्त प्रणालीत आणून टाकले अशी नुसती कुजबुज झाली, तरी त्या कामाला कोणी हात लावत नाही. पुरावा लागत नाही, सुनावणी होत नाही. शंका पुरते.

मी ती उपस्थित केली. चारचौघांत नव्हे; प्रकल्पाच्या प्रमुखांना — परदेशातले गृहस्थ, ज्यांना मी कधी प्रत्यक्ष पाहिले नाही — खासगी ईमेल लिहून. भाषा फार जपून वापरली. लिहिले की मला आरोप करावयाचा नाही. केवळ जबाबदारी म्हणून लक्षात आणून देतो की या कामाचा एक भाग, लेखक पूर्वी जेथे नोकरीस होता तेथील कोडशी चमत्कारिक साम्य दाखवतो. माझे नाव कोठे येऊ नये, ही विनंती. त्यांचे उत्तर आले : तुमच्या दक्षतेबद्दल आभार. भालचंद्राला एवढेच कळवण्यात आले की कामाच्या उगमाविषयी प्रश्न उपस्थित झाल्याने ते स्वीकारता येत नाही. पुण्याच्या कंपनीने बोलणे थांबवले.

इथवरची हकिगत मी मनातल्या मनात कितीदा सांगितली असेन! आणि तिचा पुढचा भाग असा रचलेला असे : शंका प्रामाणिक होती; पुढे केव्हातरी ध्यानात आले की कंपनीतले ते कोड मुळात मीच लिहिले होते, राखीव वेळ दोनदा वजा करण्याची खोडही माझीच; आणि एकदा कळंबोली सर्कलपाशी चहाच्या टपरीवर मीच ती भालचंद्राला वर्तमानपत्राच्या कडेवर आकृती काढून शिकवली होती. त्याने विचारले होते, “दोनदा कशाला, गुरुजी?” मी म्हणालो, “यंत्रावर विश्वास टाकू नये.” त्यावर तो इतका हसला की कटिंगचा ग्लास हिंदकळला. “म्हणजे तुम्ही पायजम्याला पण दोन नाड्या घालत असणार!” टपरीवालाही हसला. मग भालचंद्र गंभीर होऊन म्हणाला, “पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणार काहीतरी.”

तर, त्याने काहीही उचलले नव्हते. त्याने स्वतःच्या बुद्धीने सगळे नव्याने लिहिले आणि त्यात एक चूक माझ्यावरच्या विश्वासाने केली. मला हे नंतर कळले, तोवर उशीर झाला होता — अशी ती हकिगत.

नाही. थांबा. यातला ‘नंतर’ हा शब्द खोटा आहे.

ती सुट्टीची सकाळ होती. ईमेल लिहून पूर्ण झाली होती. मी ती वाचून पाहत होतो, स्वल्पविराम तपासत होतो. ‘चमत्कारिक साम्य’ या शब्दांपाशी आलो आणि मला ती टपरी आठवली. दोन नाड्या आठवल्या. मी हसलो — हे मला स्पष्ट आठवते, मी एकटाच बसून हसलो. म्हणजे मला सगळे कळले होते. चूक कोणाची, ती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली, तो निर्दोष आहे — सगळे. ईमेल अजून माझ्याकडेच होती. मी ती पुसू शकत होतो.

मी ती पाठवली.

का पाठवली? मी अनेक उत्तरे तयार करून पाहिली. कंपनीतली युक्ती माझ्यामुळे बाहेर गेली म्हणून माझी नोकरी जाईल, ही भीती? होती, पण फार थोडी. नियम पाळण्याची सवय? ते तर निव्वळ ढोंग. जे काम मी जगासमोर माझे म्हणून ठेवले होते ते दुसऱ्याने केले, आणि माझ्यापेक्षा चांगले केले, हे मला सोसले नाही. संशय मला आला नव्हता. मी तो पांघरला होता.

नकार कळल्यानंतरच्या रविवारी भालचंद्र घरी आला. आम्ही तेव्हा नवीन पनवेलला राहत होतो. त्याला पाहताच माझ्या मनात आले — याला कळले आहे. कोणी सांगितले? तो खुर्चीच्या कडेला बसला, पत्नीने पुढे केलेल्या पोह्यांना त्याने हात लावला नाही.

“गुरुजी, मी चोरी नाय केली,” तो म्हणाला. एरवी माझ्यापाशी जपून बोलणारा. त्या दिवशी भाषा सांभाळायचे त्याला भान नव्हते. “आमच्या घरात कोनी आजवर दुसऱ्याच्या मिठाला हात नाय लावला. कोन बोललं असंल हो असं?”

मी म्हणालो, “ते नाव सांगत नसतात.”

“तुमचं वजन हाय तिथं. एक ओळ लिहा नुसती — हा माणूस मला ठाऊक आहे म्हणून. तुमच्या शब्दावर त्यांचा भरोसा हाय.”

पाहा, तो माझ्याकडे साक्षीदार म्हणून आला होता. की परीक्षा पाहायला? मी त्याच्या डोळ्यांत शोधत होतो. निरागस माणसाच्या डोळ्यांत मी पुरावा शोधत होतो.

“मी सविस्तर पाहतो,” मी म्हणालो. “सगळे कोड एकदा नीट पाहतो आणि मग लिहितो.”

पत्नी दारात उभी होती. “अहो, त्यात पाहायचं काय आहे? भालचंद्रभाऊंना आपण ओळखतो की. आत्ता लिहा ना, समोरच.”

“अशी कामे घाईने करू नयेत,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे एकवार पाहिले आणि ती पोह्यांची बशी उचलून आत गेली. त्यानंतर तिने या विषयावर एक शब्दही काढलेला नाही. तिला काही उमगले होते का? मी कधी विचारले नाही. विचारल्यावर ती उत्तर देईल, याची भीती वाटते.

त्याने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. सगळे काम त्यात होते — केलेले, खोडलेले, पुन्हा केलेले. प्रत्येक टप्पा, म्हणजे तो कसा कसा पोहोचला ते कोणालाही दिसावे. निर्दोषपणाचा याहून मोठा पुरावा कोणता असतो? “बघा, गुरुजी,” एवढे म्हणून तो गेला.

मी ती एक ओळ लिहिली नाही. त्याचे दोन फोन आले. पहिला घेतला आणि ‘पाहतो आहे’ म्हणालो. दुसरा घेतला नाही. साल संपले, तो भावाच्या व्यवसायात गेला.

आता जे सांगायचे आहे ते ईमेलपेक्षाही वाईट आहे, म्हणून इतका वेळ त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. तो पेनड्राइव्ह मी परत दिला नाही. उघडला. पडद्यावर एका बाजूला त्याचे काम ठेवले आणि दुसऱ्या बाजूला मी लिहू लागलो. नावे बदलली, क्रम बदलला, एकाचे दोन भाग केले, दोहोंचा एक केला. आणि राखीव वेळ एकदाच वजा केला — दुसरी वजाबाकी काढून टाकली, म्हणजे कोणाला कशाशीही साम्य दिसू नये. काही महिन्यांनी रिअल-टाइमची सोय प्रणालीत स्वीकारली गेली. लेखक म्हणून माझे नाव. ठिकठिकाणच्या लोकांनी अभिनंदन केले. एकाने लिहिले की इतकी स्वच्छ रचना क्वचित पाहायला मिळते. मी त्याचे नम्रपणे आभार मानले. नम्रपणा मला फार चांगला येतो.

यानंतर कितीतरी वर्षे तो माझ्यावर पाळत ठेवून असल्यासारखा मी जगलो. बाजारात त्याची गाडी दिसली की दुकानात शिरायचो. अनोळखी क्रमांकाचा फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत घेत नसे. आणि मग एक दिवस निमंत्रण आले : मुलीचे लग्न, हळदीला यायचंच, गुरुजी, वहिनींना घेऊन. मी एकटाच गेलो. गावात रस्त्यापर्यंत मांडव, गाणी, बायकांचे नाच, दिवेलागणीची वेळ. भालचंद्र अंगाने भरला होता, केस पिकले होते, गळ्यात जाड साखळी. मला पाहून तो मांडव ओलांडून धावत आला आणि वाकून पाया पडला. मी मागे सरलो. का सरलो, हे त्याला कळले नसावे. किंवा कळले असावे.

“हेच का रं तुझे ते फुकटवाले गुरुजी?” थोरल्या भावाने विचारले.

“गप रे दादा. यांच्यापाशी शिकलो मी.”

“शिकून खडीच इकतंस ना शेवटी!” भाऊ गडगडून हसला, आजूबाजूचेही हसले, भालचंद्रही हसला. मग मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून, माझ्या हळद लागलेल्या बाहीकडे पाहत त्याने हळूच विचारले —

“गुरुजी, ते आपलं काम… पुढं नेलं का हो कोणी?”

आपलं, म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले. ती प्रणाली उघडी असते. कोणीही कधीही पाहावे, कोणी काय लिहिले ते नावासकट तिथे असते. त्याने पाहिले असेल का? पाहूनच विचारत होता का? की खडीच्या राशींमध्ये इतकी वर्षे गेल्यावर त्याने तिकडे वळूनही पाहिले नव्हते? मला एक संधी मिळाली होती, हे मला त्या क्षणीही कळत होते. बाजूला ढोल वाजत होता. मी खरे बोललो असतो तर त्याच्याशिवाय कोणाला ऐकूही गेले नसते.

“नाही,” मी म्हणालो. “ते राहूनच गेले.”

तो उठला आणि माझ्यासाठी स्वतःच ताट घेऊन आला. “जेवून घ्या. गरम हाय तवर.”

मी जेवलो. भाकरी गरम होती. सगळे ताट संपवले, हात धुतले, मुलीला आशीर्वाद दिला आणि घरी आलो.

ते राहून गेलेले नाही. ते चालू आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या यंत्रांत या घटकेलाही चालू असेल. त्यावर माझे नाव आहे. ते काम भालचंद्र म्हात्रेचे आहे.